अमेरिकेचा इतिहास आणि आमचं बेसमेंट

ऋचाने मला ऑफिसात बोलावून आधी खुर्ची दिली, तेव्हाच मी काय ते ओळखलं. आमच्या गोदामात माणसाला खुर्ची मिळते ती वाईट बातमी ऐकण्यापुरती. एरवी आम्ही आठ तास उभेच असतो. टोरोंटोजवळच्या वॉनमधल्या या गोदामात नळ, शॉवर, वॉशबेसिन आणि कमोड येतात आणि इथून साऱ्या ओंटारिओत जातात. गेली तीन वर्षं सकाळच्या शिफ्टचा ‘ॲक्टिंग सुपरवायझर’ मी होतो. काम सुपरवायझरचं, लाल जॅकेट सुपरवायझरचं, बोलणी खायची तीही सुपरवायझरची, फक्त कागदावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

“अंकल, पॉलिसी चेंज हुई है,” ऋचा म्हणाली. ही आमची एचआरची नवी मुलगी. “सुपरवायझर के लिए ग्रेड ट्वेल्व डिप्लोमा मस्ट है. तीस जून तक.”

“लेकिन मैं तो तीन साल से यही काम कर रहा हूँ.”

“अंकल, आप बेस्ट हो. पर सिस्टम में एक बॉक्स है, वो टिक करना पडता है.”

“और टिक नहीं हुआ तो?”

तिने माझ्याकडे न बघता स्टेपलर सरळ केला. “तो फिर आपको डॉक पे वापस जाना पडेगा.”

डॉक म्हणजे जिथे ट्रक मागे घेऊन लावतात आणि माणसं कमोड उतरवतात ती जागा. एकोणीस वर्षांपूर्वी मी तिथूनच सुरुवात केली होती. तेव्हा माझी कंबर माझं ऐकत असे. आता चोपन्नाव्या वर्षी तिथे परत जायचं, तेही ज्यांना मी रोज ओरडतो त्या पोरांच्या बरोबरीने, ही कल्पनाच मला सहन होईना. घरी येऊन मी आग्नेसला सांगितलं. आग्नेस माझी बायको, आणि त्याच गोदामात रिटर्न्सच्या टेबलावर चौदा वर्षं आहे. परत आलेला नळ नुसता हातात घेऊन तो कुठल्या पेटीतला आणि का परत आला, हे ती सांगते.

“मग द्या ना परीक्षा,” ती कांदा चिरता चिरता म्हणाली. तिच्या मते जगातल्या सगळ्या अडचणींना हे एवढंच उत्तर असतं.

स्कूल बोर्डाचं मोठ्या माणसांसाठी एक ऑफिस आहे. तिथल्या काउन्सेलर बाईंनी माझे वसईचे कागद पसरले. दहावी त्यांना समजली. आयटीआय समजेना. फिटर म्हणजे काय, हे मी त्यांना इंग्रजीत समजावलं, मग हातांनी लेथ फिरवून दाखवलं, मग तोंडाने त्याचा आवाज काढला. बाईंनी बराच वेळ बघून काहीतरी लिहिलं. नंतर कागद हातात आला तेव्हा कळलं, मला ड्रामाचं एक क्रेडिट मिळालं होतं. मी तक्रार केली नाही. मिळालेलं क्रेडिट परत करणारा माणूस मी नव्हे.

एकूण हिशेब झाल्यावर बाई म्हणाल्या, “काँग्रॅच्युलेशन्स! यू आर अ मॅच्युअर स्टुडंट.” यावर शेजारी बसलेली आग्नेस इतकी हसली की बाईंचं लक्ष तिच्याकडे गेलं. खरं तर ती फक्त गाडी चालवायला आली होती. बर्फात हायवे चारशेवर मी गाडी घेत नाही, तो माझा तत्त्वाचा प्रश्न आहे. बाईंनी सहज तिचं शिक्षण विचारलं, चार बोटं मोजली आणि तिलाही मॅच्युअर ठरवलं. आम्हा दोघांना डिप्लोमाला एकेकच क्रेडिट, म्हणजे एकेक विषय, कमी होतं.

“ये तूही, सोबतीला,” मी मोठ्या मनाने म्हणालो. हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

संध्याकाळच्या वर्गांत तीनच विषयांना जागा होती. केमिस्ट्री, फ्रेंच आणि अमेरिकन हिस्टरी. कॅनडाचा इतिहास केव्हाच भरला होता, त्याला वेटिंग लिस्ट होती. केमिस्ट्रीशी माझं शाळेपासून पटलेलं नाही, आणि फ्रेंच मी नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्याच्या मागे वाचतो तेवढं मला पुरे आहे. तेव्हा कॅनडात कमोड उतरवायला लागू नयेत म्हणून मी अमेरिकेचा इतिहास घेतला. वर्गात पोचलो तर तिसऱ्या बाकावर स्टीव्हन. तो आमच्या गावचा, एका कंडोच्या इमारतीत केअरटेकर आहे. त्याच्याही मॅनेजमेंटला असलाच कुठलातरी बॉक्स टिक करायचा होता.

ही बातमी आमच्या रस्त्यावर पसरायला एक बर्फवृष्टी पुरली. समोरचे भाऊसाहेब निवृत्त इंजिनिअर. अडुसष्ट साली कॅनडात आले आणि तेव्हापासून त्यांना सगळं माहीत आहे. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो आणि ते माझं शोव्हल करणं तपासत होते.

“कास्मिर, इतिहास पाठ करायचा नसतो, समजून घ्यायचा असतो. कारणं आणि परिणाम. बाकी सगळं आपोआप येतं.”

“हो, भाऊसाहेब.”

“आणि अठराशे बाराचं युद्ध आपण जिंकलो, हे ध्यानात ठेव. त्यांच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असेल.”

आपण म्हणजे कॅनडाने, हे कळायला मला थोडा वेळ लागला. त्यांनी मला त्यांचा जुना ज्ञानकोश वापरायला दिला. अठ्ठावीस खंडांचा होता, मी तीन फेऱ्यांत घरी आणला. अमेरिका ज्या खंडात होती तेवढाच खंड त्यांच्या जावयाने नेला होता. तरीही परत करताना भाऊसाहेबांनी ‘उपयोग झाला ना?’ असं विचारलं आणि मी हो म्हणालो. वडीलधाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार?

वर्ग घेणाऱ्या मिस हॅलोरन अतिशय सज्जन बाई. त्या प्रत्येक गोष्टीवर ‘व्हॉट डू यू थिंक?’ असं विचारत. आता, मला काय वाटतं हे मला गोदामातसुद्धा कुणी विचारत नाही. एकदम विचारल्यावर मी गोंधळून जात असे. निबंध मी बोलायचो आणि आग्नेस टाइप करायची. टाइप करताना ती मध्येच थांबून ‘असं लिहू का?’ म्हणायची, मी ‘लिही’ म्हणायचो. असे ते निबंध झाले. एप्रिल अखेरीस मी काठावर होतो. शेवटच्या परीक्षेत बऱ्यापैकी मार्क पडले तर एकूण पन्नास होणार होते, आणि पास व्हायला पन्नासच लागतात.

आणि इथे माझ्या डोक्यातून ती कल्पना निघाली.

मे महिन्यात आमच्या वसईच्या ख्रिस्ती लोकांची दर बुधवारी जपमाळेची प्रार्थना असते. खरं म्हणजे घरोघर पाळीने असायला हवी, पण आमच्या बेसमेंटमध्ये कार्पेट आहे आणि वेगळं वॉशरूम आहे, त्यामुळे पाळी बहुतेक आमचीच येते. जपमाळ पुढे होऊन मी सांगतो. अकरा वर्षं सांगतोय. माझा आवाज चांगला आहे, असं लोक म्हणतात आणि त्यांना खोटं बोलण्याचं काही कारण नाही. पुढे असलेल्याने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी एका सुरात दुसरा अर्धा म्हणायचा, हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय की फिलूमावशी झोपेतही आपला अर्धा भाग चुकवत नाहीत. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि मधल्या मधल्या वेळात झोपतातच.

त्या बुधवारी जपमाळ संपली, चहा यायचा होता, आणि स्टीव्हन कपाळाला हात लावून म्हणाला, “कास्मिर, माझ्या डोक्यात एक तारीख राहत नाही रे.”

मी म्हणालो, “मग प्रार्थना कशी राहते?”

सगळे गप्प झाले. मोठ्या शोधांच्या वेळी अशीच शांतता पसरत असावी.

आठवड्याभरात मी एकशे बारा प्रश्न काढले. त्यांची उत्तरं आग्नेसने पुस्तकातून शोधून सगळ्यांना लिहून दिली. पुढच्या बुधवारपासून जपमाळ झाली की अर्धा तास अमेरिका. मी उभा राहून त्याच चालीत विचारायचो, “डिक्लरेशन ऑफ इंडिपेन्डन्स इन द इयर?” आणि बारा माणसं एका आवाजात म्हणायची, “सेव्हन्टीन सेव्हन्टी सिक्स!” परीक्षा तिघांची होती, पण चहा आणि आमच्याकडचे ते तळलेले गोड फुगे असतील तर आमची माणसं कुठल्याही अभ्यासाला बसतात.

पहिल्या दिवशी फिलूमावशींनी विचारलं, “कास्मिर, याने पाप तर लागणार नाही ना?”

“मावशी, लिंकन चांगला माणूस होता.”

“मग ठीक आहे,” म्हणून त्या बसल्या आणि दोन आठवड्यांत सगळ्यांच्या पुढे गेल्या. मी “लुईझियाना?” एवढंच म्हणायचा अवकाश, त्या डोळे मिटून “फ्रॉम फ्रान्स, एटीन झीरो थ्री” म्हणायच्या. अलास्का रशियाने विकलं हे कळल्यावर तर त्यांना रात्रभर वाईट वाटत होतं.

शेवटी शेवटी मी इतका रंगात आलो की आग्नेसनेच मला अडवलं. “अहो, आज मी प्रश्न विचारते. तुम्ही त्यांच्यात बसून उत्तरं द्या.”

“तुझा आवाज पोचणार नाही मागपर्यंत.”

“बारा तर माणसं आहेत.”

“पुढे एकच माणूस असावा लागतो, आग्नेस. नाहीतर गोंधळ होतो.” हे सांगताना मी आवाज मुद्दाम मऊ ठेवला होता. तिला वाईट वाटू नये एवढीच माझी इच्छा होती.

आमची शर्लिन लंडनला नर्सिंग शिकते. लंडन म्हणजे आमचं ओंटारिओतलं. ती वीकेंडला आली होती, जिन्याच्या पायरीवर बसून फुगे खात सगळं ऐकत होती. “डॅड, हाऊ कम यू नेव्हर आन्सर?” ती म्हणाली.

“अगं, प्रश्न विचारणं जास्त कठीण असतं.”

“इज इट?” असं म्हणून ती आईकडे बघून हसली. हल्लीची मुलं काहीतरी बोलतात आणि हसतात. मी लक्ष दिलं नाही.

परीक्षा शाळेच्या जिममध्ये होती. मी लवकर जाऊन बसलो. आग्नेस माझ्या उजवीकडे दोन रांगा सोडून, स्टीव्हन अगदी मागे, बास्केटबॉलच्या जाळीखाली. मिस हॅलोरननी पेपर वाटले. मी पेपर उघडला आणि मला आनंदाने भरून आलं. पहिला प्रश्न माझा, दुसरा माझा, तिसरा तर शब्द न् शब्द माझा. एकशे बारातले निदान चाळीस प्रश्न तिथे होते. मी पेन उचललं, मनात चालीवर पहिला प्रश्न म्हटला आणि थांबलो.

कुणी काही बोललं नाही.

पुन्हा म्हटला. पुन्हा शांतता. जिममध्ये नुसता पंख्याचा आवाज. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की या प्रश्नानंतर बोस्टनच्या चहाचा प्रश्न येतो हे मला माहीत आहे, त्यानंतर वॉशिंग्टनचा येतो हेही माहीत आहे, पण मध्ये जी जागा आहे तिथे माझ्या डोक्यात काहीच नाही. तिथे नेहमी बारा माणसं असायची. मी तेवढ्या वेळात श्वास घेत असे. महिनाभर मी अत्यंत मन लावून फक्त प्रश्नपत्रिका पाठ केली होती.

म्हटलं, जरा ओठांवर आणून बघू, कदाचित जीभ आपोआप पुढे जाईल. म्हणून मी अगदी हळू, म्हणजे मला हळू वाटेल अशा आवाजात, चालीवर म्हटलं, “डिक्लरेशन ऑफ इंडिपेन्डन्स इन द इयर?”

“सेव्हन्टीन सेव्हन्टी सिक्स!” बास्केटबॉलच्या जाळीखालून स्टीव्हन खणखणीत आवाजात म्हणाला.

त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याने मानही वर केली नव्हती. साऱ्या जिमने मात्र मान वर केली. आग्नेसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मी अजूनही सांगतो की ती हसत नव्हती.

आम्हाला वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवलं आणि पेपर संपल्यावर प्रिन्सिपलच्या खोलीत नेलं. तिथे एक फॉर्म होता. एका चौकोनात ‘माहिती मागणारा विद्यार्थी’, दुसऱ्यात ‘माहिती पुरवणारा विद्यार्थी’. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात, तीन वर्षं लाल जॅकेट घालून, मी कधी कुणाकडे माहिती मागितलेली नाही, ती घेतलेली आहे. हे मी प्रिन्सिपलना समजावू लागलो, तेव्हा स्टीव्हनने मला पायाने ढोसलं.

मग आम्ही खरं ते सांगितलं. जपमाळ, बेसमेंट, फिलूमावशी, सगळं. प्रिन्सिपलना ते पटेना. शेवटी मिस हॅलोरन म्हणाल्या, “कुड यू शो अस?” आणि त्या खोलीत, दोन बायकांसमोर, मी उभा राहून चालीवर प्रश्न विचारले आणि स्टीव्हनने खुर्चीत बसून उत्तरं दिली. आठ प्रश्न झाले. नवव्याला मिस हॅलोरननी हात वर केला.

“आता उलट करा,” त्या म्हणाल्या. “स्टीव्हन विचारेल, तुम्ही उत्तर द्या.”

स्टीव्हनने विचारलं. मी गप्प. त्याने दुसरा विचारला. मी छताकडे पाहिलं. तिसऱ्याला तो स्वतःच विचारून स्वतःच उत्तर द्यायला निघाला होता, त्याला थांबवावं लागलं.

“इट इज क्लिअर,” मिस हॅलोरन प्रिन्सिपलना हळुवारपणे म्हणाल्या, “ही डिडन्ट गेट एनिथिंग फ्रॉम एनिबडी.”

म्हणजे माझं निर्दोषत्व सिद्ध झालं ते मला काही येत नाही या एकाच पुराव्यावर. फॉर्म फाडून टाकला. स्टीव्हनने बाहेर येऊन माझं अभिनंदन केलं. मी त्याच्याशी चार दिवस बोललो नाही.

निकाल बावीस जूनला आला. स्टीव्हन एकाहत्तर. मी अठ्ठेचाळीस. आग्नेस ब्याऐंशी. मिस हॅलोरननी माझ्या पेपरवर शेरा लिहिला होता, की प्रश्नांची समज उत्तम आहे. सप्टेंबरात पुन्हा बसता येईल असंही लिहिलं होतं, पण माझी मुदत तीस जून होती. भाऊसाहेब म्हणाले, “तुला सांगितलं होतं, कारणं आणि परिणाम.” या खेपेला त्यांचं खोडून काढता येईना.

मी ऋचाकडे जाऊन जॅकेट टेबलावर ठेवलं. तिने मला खुर्ची दिली. मी बसलो नाही.

“अंकल, सॉरी,” ती म्हणाली. मग स्टेपलर उचलला, परत ठेवला. “एक बात और है. सिस्टम में मैंने देखा, मॉर्निंग शिफ्ट में डिप्लोमा वाला एक ही एम्प्लॉयी है, विथ टेन इयर्स एक्स्पीरियन्स.”

“कौन?”

“आग्नेस आंटी. उन को मैंने कल ही पूछा. उन्होंने बोला, मिस्टर से पूछ के बताती हूँ.”

आग्नेसने मला काही विचारलं नव्हतं. संध्याकाळी मी तिला म्हणालो, “तू मला बोलली नाहीस.”

“तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही घेणार, अहो. मला टेबल बरं आहे. बाहेरचा कुणी आणतील ते.” ती हे भांडी लावता लावता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली. तिला ते काम हवं होतं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

मला राग आला होता, खरं सांगतो. आणि राग कोणाचा, ते सापडत नव्हतं. कंपनीच्या नियमांच्या पुस्तकात नवरा-बायकोने एका शिफ्टला असू नये असा काही नियम आहे का, तेही मी आशेने शोधून पाहिलं. नव्हता. फक्त एक फॉर्म भरायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉकवर उभा होतो. नवं कुणी नेमलेलं नव्हतं, त्यामुळे शिफ्ट आपोआप चालली होती. लंडनचा ट्रक आला आणि ड्रायव्हरने विचारलं, माझा माल कुठल्या रांगेत आहे? तीन वर्षांच्या सवयीने मी मोठ्याने ओरडलो, “लंडनचा माल कुठे आहे?” आणि रिटर्न्सच्या टेबलावरून, मान वर न करता, आग्नेस म्हणाली, “रांग सात, खालून दुसरं. चार पेट्या कमी आहेत, त्या परवा येतील.”

ड्रायव्हर गेला. मी तिथेच उभा राहिलो. तीन वर्षं रोज असंच चाललं होतं. मी पुढे उभा राहून विचारत होतो आणि उत्तर त्या टेबलावरून येत होतं, आणि ते ऐकून मला आपण किती छान गोदाम चालवतो असं वाटत होतं. मला तिचा अभिमान वाटला, आणि लाजही वाटली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे कुठलं आधी घ्यावं ते कळेना. मी तिच्या टेबलापाशी गेलो.

“घे ते काम,” मी म्हणालो.

“नक्की?”

“तीन वर्षं तूच करतेस ते.”

तिने हातातला नळ खाली ठेवला. डोळे पुसले आणि म्हणाली, “मग आधी ते हेल्मेट घाला. डॉकवर उघड्या डोक्याने फिरताय सकाळपासून.”

एक जुलैची, कॅनडा डेची सुट्टी झाली आणि दोन तारखेला ऋचाने तो फॉर्म माझ्यापुढे ठेवला. सुपरवायझरशी नातं, असा पहिला रकाना होता. त्यात मी नवरा असं लिहिलं. त्याखाली प्रश्न होता, या नात्यामुळे कामाच्या ठिकाणी तुम्हाला काही सवलत किंवा फायदा मिळण्याची शक्यता आहे का? हो किंवा नाही. समोर लाल जॅकेट घालून आग्नेस उभी होती, हातातलं घड्याळ बघत होती, कारण माझा ब्रेक संपून दोन मिनिटं झाली होती. मी एका क्षणात ‘नाही’वर खूण केली. त्या सबंध वर्षात विचारलेला हा एकच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर मला कुणी न सांगता येत होतं.